सुतळीत आवळलेली स्प्रिंग

मित्रांनो, मी पोलादी तारेची एक लांब स्प्रिंग. शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात, सुतळीने करकचून बांधलेल्या अवस्थेत मी बारा वर्षे काढली.

१९९२ साली वसमतहून एसटीच्या टपावर बसून मी शिरड शहापूरजवळच्या एका शाळेत आले. तिथले विज्ञानाचे व्यंकटराव सर मला फरशीवर ताणून धरत. एक टोक आडवे झटकले की माझ्या अंगातून नागमोडी लाट पळे. माझे वेढे आडवे हलत आणि लाट पुढे जाई. तो अवतरंग. तेच टोक पुढेमागे ढकलले की वेढे कुठे दाटत, कुठे विरळ होत आणि ती दाटी पुढे सरके. तो अनुतरंग. मुले फरशीवर पालथी पडून बघत.

दोन वर्षांनी तपासणी आली. आदल्या दिवशी शिपाई कोंडीबामामांनी टेबलांची कापडे धुतली आणि दोरी सापडेना म्हणून मला खिडकीच्या गजांना बांधून ती माझ्यावर वाळत घातली. ओल्या कापडांच्या भाराने माझे मधले वेढे ओघळले, ते कायमचे. मामा घाबरले. त्यांनी मला दाबून सुतळीने आवळले, कुलूप लावले आणि सगळ्यांना सांगितले, “नाजूक हाय. हात लावायचा न्हाई.”

तेव्हापासून मी काचेतून फळा बघत होते. फळ्यावर आवाजसुद्धा नागमोडी रेषेने काढला जाई. मुलांना वाटे, हवाही तशीच वरखाली होते. आवाज हा अनुतरंग असतो हे मला दाखवता आले असते, पण एक वेढा हलवायलाही जागा नव्हती.

२००६ साली, मामा निवृत्त व्हायच्या महिन्यात, नववीतली आकांक्षा त्यांच्यापाशी आली.

“मामा, घंटेपासची हवा आमच्या कानापर्यंत येती का?”

“येती की. त्याबगर ऐकू कसं येईल?”

“मग एवढी हवा येऊन राहिली, तर फळ्याखालची खडूची भुकटी काहून उडत न्हाई?”

“सरांला विचार.”

“विचारलं. ते म्हणले, स्प्रिंग हाती असती तर दाखवलं असतं. चावी मामाच्या कमरेला हाय म्हणले.”

“लई बोलायलीस,” मामा म्हणाले. पण पंचवीस वर्षे घंटा वाजवणाऱ्या त्या माणसाला प्रश्न चिकटला. ते दोन दिवस कपाटासमोर येऊन उभे राहत. सुतळी सोडली तर जाताजाता अब्रू जाणार होती. नाही सोडली तर चावी दुसऱ्याच्या कमरेला जाणार होती आणि मी आतच राहणार होते.

तिसऱ्या दिवशी त्यांनी ब्लेडने सुतळी कापली आणि मला नववीच्या वर्गात, आताचे विज्ञानाचे शिक्षक रत्नपाल सर यांच्यापुढे ठेवले.

“सर, मधले वेढे म्या बिघडवले. कापडं वाळू घातली व्हती.”

रत्नपाल सरांनी माझे एक टोक उचलून त्यांच्यापुढे केले. मग म्हणाले, “बारा वर्षं पोरांनी नुसती व्याख्या पाठ केली, मामा. आता टोक धरा.”

आकांक्षाने एका वेढ्याला लाल धागा बांधला. मामांनी टोक ढकलले. दाटी धावली, ओघळलेल्या वेढ्यांपाशी जराशी अडखळली आणि पार गेली. धागा किंचित पुढे झाला, मागे आला आणि जागेवर थांबला.

“म्हंजी हवा तिथंच ऱ्हाती?” मामांनी विचारले.

“तिथंच हेलकावती. पुढं जातो तो धक्का,” आकांक्षा म्हणाली.

“एकदा अजून,” म्हणत मामा पुन्हा फरशीवर बसले.

मित्रांनो, त्यानंतर मुलांनी मला इतके ताणले की आज मी पार सैल झाले आहे. त्याचे मला दुःख नाही. तुमच्या शाळेतही असे एखादे बंद कपाट असेल. त्याची चावी मागा. वस्तू जपून हाताळा, पण हाताळा. मोडेल म्हणून कोणी नाही म्हटले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मागा.