धारेवरची मोळी

डोंगर बघायला म्हणून कुणी डोंगर चढतं का? दगडाबाईला तर हसूच येत होतं. पण लेकीनं बोलावलेलं. लेक स्वप्नाली मोरांच्या अभयारण्यात नवीन वनरक्षक झाली होती आणि आज शहरातली माणसं घेऊन पहिल्यांदाच डोंगराच्या धारेवरून निघाली होती. मधल्या वळणावर वनखात्याचे साहेब त्यांना गाठणार होते, तिचं काम बघायला. नोकरी अजून पक्की व्हायची होती.

"माय, आज तू पाव्हणी हाय," लेकीनं सकाळीच बजावलेलं. "काय बी करू नको. नुसती चाल."

आता नुसतं चालायचं कसं, हे कुणी शिकवलंय बाईला? गावाकडं तेलगावात काय नि उसाच्या फडात काय, जन्मभर डोक्यावर मोळी घेऊनच चालली ती. धार मोठी देखणी. दोन्ही अंगाला दऱ्या, खाली पिवळं गवत, मधूनच मोर ओरडायचा. लोक थांबून फोटो काढत होते. दगडाबाईला मात्र हात कुठं ठेवावेत तेच कळेना. पदर खोचला, सोडला, परत खोचला. जरा थांबलं की जीव नुसता वरखाली.

तेवढ्यात वाटेत धावड्याची फांदी दिसली. कडकडीत वाळलेली! अशी टाकून कुणी जातं होय? उचलली. पुढं दुसरी. मग हातांना चेवच चढला. बाई मागं पडली, पण वेलीनं फांद्या आवळून, पदराची चुंबळ करून मोळी डोक्यावर घेतली, तेव्हा कुठं जिवाला थारा लागला.

वळणावर सगळे थांबलेले. साहेबही आलेले. स्वप्नाली सांगत होती, "इथली काडीसुद्धा उचलायची नाही. वाळलेली असली तरी. तिच्यातल्या किड्यांवर मोर जगतात."

सगळ्यांच्या माना दगडाबाईच्या मोळीकडं वळल्या. मेले हे हात!

"कोण ही बाई?" साहेब कडाडले.

"मी वाटंनं चालल्ये, साहेब," दगडाबाई चटकन म्हणाली. "ह्या मॅडमला मी वळखत बी न्हाई."

स्वप्नाली पुढं आली.

"माझी माय हाय, साहेब," ती म्हणाली. "मीच आणलंय तिला."

साहेब म्हणाले, "जिथलं तिथं ठेवून या. मला हे वर कळवावं लागेल."

मायलेकी मागं फिरल्या. एकेक फांदी खाली गेली. शेवटची ठेवली आणि दगडाबाईचे हात आपोआप डोक्याकडं गेले. तिथं काहीच नव्हतं. तिला रडूच फुटलं.

"घालवली गं मी तुझी नोकरी. हे हात एका जागी राहतच न्हाईत."

"दे इकडं," म्हणत लेकीनं तिचा हात धरला.

दगडाबाईनं तो मोळीगत इतका करकचून आवळला, की स्वप्नाली कळवळली.

"हळू, माय. मी काय पडत न्हाई."