बूट काढायचा नाही

काळुराम मास्तरच्या बँडात पायानं वाजवायचा ढोल होता, आणि ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत दुसऱ्या कुणाच्या बँडात तो नव्हता. गोरे साहेब गेले त्या साली कल्याणच्या रेल्वे इन्स्टिट्यूटातलं सामान विकायला निघालं, तेव्हा काळुरामनं तो उचलला. ढोल चाकासारखा उभा, त्याच्यापुढं लोखंडी पायडल. पायडल दाबलं की मोगरी चामड्यावर आपटायची, सोडलं की स्प्रिंग तिला मागं ओढायची. वरातीत चालताना त्याचा उपयोग शून्य, पण बँड मांडवात बसला की लोक पंगत सोडून बघायला यायचे. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात ताशात गुंतलेले, आणि तरी मोठा ढोल घुमतोय! म्हाताऱ्या बायका तर सरळ भुताटकी म्हणायच्या.

ते पायडल चालवायचा आंबिवलीचा भिवा. एरवी तोही ढोल गळ्यात अडकवून उन्हातान्हात मैलोन् मैल चालला असता, पण नशिबानं त्याला स्टूल मिळालं. इन्स्टिट्यूटात एक गोवेकर ड्रमर होता, त्यानं भिवाला तीन महिने दुपारचं बसवून शिकवलं. ढोल मांडीनं वाजवायचा नाही, घोट्यानं वाजवायचा. टाच जमिनीला, उचलायचा फक्त पंजा. टाचेखाली तो चिंचोका ठेवायचा, आणि चिंचोका हलला की पहिल्यापासून सुरू. भिवा रडकुंडीला यायचा. पण तीन महिन्यांनी त्याचा ठोका असा बसला की काळुरामनं भर बाजारात त्याच्या पाठीवर थाप मारली.

सहा वर्षं चांगली गेली. मग ठोका मरायला लागला.

भिवाला वाटलं, स्प्रिंग गेली. तुम्हाआम्हालाही तेच वाटलं असतं. त्यानं स्प्रिंग बदलली, परत बदलली, तिसरी तर कल्याणच्या एका लोहाराकडून मुद्दाम करून घेतली. मग चामड्याच्या वादीला तेल पाजलं. मोगरी काही वेळेवर मागं यायला तयार नाही. येणार कशी? ती मागं जायला पंजा वर उचलावा लागतो, आणि पंजा उचलत नव्हता. पण आपला पाय आपलं ऐकत नाही हे माणसाच्या सहजी मनात येत नाही. चार महिने तो बिचाऱ्या स्प्रिंगला शिव्या घालत बसला.

एक दिवस तो स्टेशनावरून घरी आला आणि कमळाबाई, त्याची बायको, दारातच म्हणाली, "एक चप्पल कुठं टाकलात?"

भिवानं खाली बघितलं. उजवा पाय अनवाणी होता. चप्पल कुठं सुटली, किती वेळ तो खडीवरून तसाच चालला, काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

कमळाबाईनं त्याला ओट्यावर बसवलं, पाय मांडीवर घेतला. गुडघ्याखाली एक फिकट चट्टा होता. घाम धरत नव्हता. तिनं कुंपणाच्या बाभळीचा काटा तोडला आणि चट्ट्यावर टोचला.

"लागतंय?"

"काय लागतंय?"

तिनं काटा फेकून दिला आणि पदरात तोंड घालून रडली. भिवा मात्र अजून विचारत होता, अगं, झालं काय?

सरकारी दवाखान्यातला डॉक्टर चांगला माणूस होता. त्यानं दार लावून घेतलं आणि मगच महारोग हा शब्द काढला. "आता गोळ्या निघाल्यात. नेमानं घेतल्यास तर बरा होशील, घरच्यांनाही धोका नाही. पण पंजा उचलणारी शीर गेली आहे. ती परत येईल असं मी सांगणार नाही. आणि एक लक्षात ठेव. बूट काढायचा नाही. पायाला इजा झाली तर तुला कळणारसुद्धा नाही."

भिवा गोळ्या घेऊन घरी आला. गोळ्यांचं काही नाही हो, पण लोकांचं काय करायचं? गावात कळलं असतं तर कमळाबाईला विहिरीवर उभी केली नसती. भिवाला गावाबाहेर झोपडं घालावं लागलं असतं. ढोल सोडून घरी बसावं, तर काळुराम विचारणार, का सोडला? क्लॅरिनेटवाला नाथा विचारणार, बाजार विचारणार. आणि एकदा लोक विचारायला लागले की संपलंच. म्हणजे लपवायचं तर वाजवत राहायला हवं होतं. एवढं त्याला स्वच्छ कळलं.

तोड कमळाबाईनं काढली. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा कापला, एक टोक गुडघ्याखाली बांधलं, दुसरं कॅनव्हासच्या बुटाच्या नाडीत ओवलं. वरून पँट. आता पंजा लोंबायचा नाही, रबर त्याला वर धरून ठेवायचं. पायडल दाबायला मात्र भिवाला अख्खी मांडी उचलून आपटावी लागायची. टाच हवेत! गोवेकरानं बघितलं असतं तर छडीच काढली असती. पण आवाज दुप्पट झाला. काळुराम खूश.

"भिवा, काय जोर आलाय रं! खातोस काय हल्ली?"

नाथा तर म्हणाला, "बूट घालून साहेब जालाय तो. म्हनून जोर." सगळे हसले, भिवाही हसला. घरी आला तेव्हा मांडीत गोळे आलेले असायचे. कमळाबाई कंदील धरून पायाचं बोट न् बोट तपासायची, मग जेवायला वाढायची. दोन वर्षं अशी काढली त्यांनी. सोपं नाही ते.

मग खडवलीचं लग्न आलं. सहदेव पाटलाच्या मुलीचं, मोठं घर, मोठा मांडव. बँडाची बैठक देवकाच्या शेजारीच, पांढऱ्या चादरीवर. सगळ्यांनी वहाणा बाहेर काढल्या. भिवा बुटासकट स्टुलाकडं निघाला आणि पाटील आडवा आला.

"ए, पायतान बाहेर. मांडवात देव बसवलाय, दिसत नाय?"

"पाटील, पाय मुरगळलाय. बूट काढला तर–"

"मग उघडाच बरा. हळद लावून देऊ का?" पाटील गमतीत बोलला. मांडवभर माणसं बघत होती.

काळुरामला राग आला. "अरे काढ ना! दोन घटकांचं काम. माझी लाज काढतोस का?"

पोट दुखतंय म्हणून निघून जाता आलं असतं. नंतर कितीदा तरी त्यानं हा विचार केला. पण त्या क्षणी त्याला वाटलं, निघालो तर लोक पायाकडं बघतील. बसलो तर पाय ढोलामागं झाकलेला राहील. त्यानं मांडवाबाहेर जाऊन पाठमोरं बसून बूट सोडला, रबर वर गुंडाळलं, आणि पाय घासत येऊन स्टुलावर बसला.

पहिलं गाणं निभावलं. दुसरंही. रबर नव्हतं, तेव्हा पंजा लोंबतच पायडलवर पडत होता, पण मांडीचा जोर दांडगा. भिवाचा चेहरा खुलला. नवरीकडच्या बाया टाळ्या वाजवत होत्या, काळुराम मान डोलावत होता, आणि भिवा आणखी जोरानं मांडी आपटत होता. टाच जमिनीवर असती तर पाय सरकला नसता. आता प्रत्येक ठोक्याला तो इंचभर पुढं जात होता, आणि पुढं पायडलच्या टोकाला धारेची पितळी पट्टी होती.

एकदम नाथाचं क्लॅरिनेट थांबलं. मग बाकीचे ताशे थांबले, मग तुतारी. भिवाला वाटलं, आपला ठोका चुकला. सावरायला म्हणून तो एकटाच वाजवत राहिला. धम्, धम्, धम्. आणि नाथाकडं बघून हसला.

"अगो बाय, रगत!" आवडाबाई, पाटलाची थोरली बहीण, ओरडली.

भिवानं खाली बघितलं. चादर लाल झाली होती. अंगठ्याचं नख उलटलं होतं, आणि खालचं मांस पट्टीला चिकटलं होतं. त्याचा पाय अजून पायडलवरच होता.

अरे, ओरडायचं होतंस! बोंब मारायची होतीस, लोळायचं होतंस, लोकांनी उचलून नेलं असतं, हळद दाबली असती, चार दिवस कौतुक केलं असतं. भिवा ओरडला नाही. त्यानं भाबडेपणानं खरं सांगितलं.

"मना कळलंच नाय."

आवडाबाई पुढं येत होती, हातात पाण्याचा तांब्या होता, ती जागच्या जागी थांबली. तिचा धाकटा दीर याच रोगानं गेला होता. तिनं पायाकडं बघितलं, वर सरकलेल्या पँटीखालच्या चट्ट्याकडं बघितलं, आणि शेजारच्या पोरीला दंडाला धरून मागं ओढलं. बाया उठल्या, मग पुरुष उठले. पांढऱ्या चादरीवर भिवा एकटा उरला. जखमेला फडकं बांधायला कुणी पुढं आलं नाही, काळुरामसुद्धा. भिवानं स्वतःचाच रुमाल बांधला, बूट हातात घेतला आणि स्टेशनाची वाट धरली.

आठ दिवसांनी सकाळी दारात बैलगाडी थांबली. गाडीत चटईत गुंडाळलेला ढोल, वर पायडल, स्टूल. भिवाचा जीव हरखला. मास्तर आला! चुलीवर चहा टाक म्हणून त्यानं कमळाबाईला हाक मारली आणि लंगडत कुंपणापर्यंत गेला.

"मास्तर, आत या. डाक्तर बोललाय, कुनाला लागनार नाय. गोळ्या चालू हायत. पाय आठवड्यात भरल. मग पुढचं लगीन कुठलं?"

काळुराम कुंपणाबाहेरच उभा राहिला. गाडीवानानं बांबूनं ढकलत ढकलत सामान खाली उतरवलं; हात कशाला लावला नाही.

"ढोल तुझ्याकडंच राहू दे, भिवा."

"माझ्याकडं? आनि बँडात कोन वाजवनार?"

"नाथाला बसवत होतो. बसला नाय. दुसऱ्या दोघांना विचारलं." काळुरामनं टोपी काढून परत घातली. "पैसे नको. त्यावर आता कोन पाय ठेवनार रं?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं कशाला बोला. पण चहाला तो थांबला नाही.

गाडी गेल्यावर कमळाबाई बाहेर आली. तिनं पदर खोचला आणि दोघांनी मिळून ढोल दारापाशी नेला. आडवा करून बघितला, तिरका करून बघितला. दार लहान, तो काही आत जाईना. भिवाला घाम फुटला. रस्त्यावरून बाया पाण्याला निघाल्या होत्या, चालताचालता थांबत होत्या.

"अगं, झाक तरी काहीतरी टाकून. येनारा-जानारा बघंल."

कमळाबाईनं ढोल तिथंच अंगणात खाली ठेवला. "बघू दे," ती म्हणाली. "आता काय लपवायचंय?" आणि रिकामी घागर घेऊन, विहीर सोडून, ती नदीकडं निघाली.