पित्ताचा थेंब

आशाचं डोकं दुखू लागलं, उलटी झाली, तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, पित्त. तिला ते नेहमीचंच. आमच्या सुनेनं, संध्यानं, कोकमाचं पाणी केलं आणि रात्रभर सासूच्या उशाशी बसली. सकाळी आशाची मान वाकेना, माणसं ओळखू येईनात. इस्पितळात पाठीतून पाणी काढलं. मेंदूच्या आवरणाला सूज होती. दुसऱ्या दिवशी ती गेली.

डॉक्टर म्हणाले, "एक जंतू घरच्यांना लागू शकतो, दुसऱ्याची तशी भीती नसते. कोणता, ते उद्या कळेल."

ते ऐकून संध्यानं तान्ह्या पोरीला जवळ घेणं बंद केलं. माझा मुलगा सुनील वाटी-चमच्यानं दूध पाजायचा, पोरगी थुंकायची. संध्या अंगणात झेंडूच्या क्रेटांपाशी बसून राहायची.

राख सावडून मी थेट प्रयोगशाळेत गेलो.

"रिपोर्ट संध्याकाळी, बाबा," तिथं तपासणी करणाऱ्या साधना मॅडम म्हणाल्या.

"मला बघायचाय तो."

"रिपोर्ट?"

"जंतू."

त्या दारातून बाजूला सरल्या. "चपला बाहेर. आणि कशाला हात लावायचा नाही."

जंतू बघायच्या दुर्बिणीत पाहिलं. जांभळे ठिपके, दोन-दोन, जोडीनं. आयुष्यभर मी बी पेरलं, इतकं बारीक बी पाहिलं नव्हतं. शेवंतीची पाटी डोक्यावर घेऊन पंचवटीची गर्दी कापणारी माझी बाई एवढ्याशानं आडवी केली.

"रंगावरून लागणारा वाटत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण मी खात्रीशिवाय बोलत नाही."

त्यांनी एक नळी धरली. पाणी गढूळ होतं. तो गढूळपणा म्हणजे जंतूच. वरून थेंब टाकला.

"हे काय?"

"पित्तापासून काढलेलं. माझ्या मनातला जंतू असेल तर यात विरघळेल."

"आमच्या हिला पित्ताचा लय त्रास," मी म्हणालो.

आम्ही बघत राहिलो. पाणी नितळत गेलं. मग नळीमागची त्यांची बोटं दिसू लागली.

"ओळखला. न्यूमोकॉकस. सूनबाईला सांगा, भिऊ नको. हा पुष्कळांच्या घशात निमूट राहतो. माझ्या असेल, तुमच्याही."

"मग तिलाच का?"

"ते मला सांगता येत नाही, बाबा."

घरापर्यंत मी आवंढा गिळताना थबकत होतो. माझ्या घशातही असतील, जोडीनं.

मला पाहून संध्या उठून मागे सरली. "नाना, लांब थांबा."

मी पोरीला पाळण्यातून उचलून तिच्या हातात दिलं. "तो लागणारा नाही. मी डोळ्यांनी पाहिलाय. पाज तिला."

मी पाठ फिरवली. मागे पोरीचं रडणं थांबलं.