मामाची कबुतरं

माझ्या मुलीनं, डेल्फिनानं, विद्यापीठात ‘कायद्याचा अभ्यास’ हा मुख्य विषय घेतला, आणि संध्याकाळपर्यंत ती आमच्या गल्लीची वकील होऊन बसली. तिनं काही केलं नाही, सगळं मी केलं. बेकरीत गोड पाव पिशवीत भरता भरता मी दोघींना सांगितलं, त्यांनी चौघींना. पोर्तुगालच्या अझोर बेटांवरून येऊन मॅसॅच्युसेट्सच्या या गावात गिरण्या आणि मासळीवर जगलेली आम्ही माणसं. आमच्यात वकील कधी झालाच नव्हता, मग मिळेल त्यालाच वकील म्हणायचं. रविवारी चर्चच्या दारात बायका डेल्फिनाला गाठून घरमालकांच्या भानगडी विचारू लागल्या.

“मावशी, मी वकील नाही हो,” ती काकुळतीला यायची. “ही साधी पदवी आहे. कायदा कसा तयार होतो, कुणाच्या वाट्याला कसा येतो, ते शिकायचं. वकिलीचं शिक्षण त्याच्यानंतर, तेही घेतलं तर.”

“म्हणजे होणारच ना शेवटी? मग आत्ताच सांग की!”

पहिल्याच तासाला प्राध्यापकांनी बजावलं होतं, की या वर्गात बसून कुणी वकील होत नाही, तेव्हा लोकांना सल्ले वाटत फिरू नका. डेल्फिनानं ते असं मनावर घेतलं की भाजी कोणती करू विचारलं तरी विचारात पडायची.

त्यात माझ्या थोरल्या भावाला, ओरासिओला, नोटीस आली. दादा एकटा माणूस. लग्न केलं नाही, जे काही प्रेम होतं ते परसातल्या शर्यतीच्या कबुतरांवर. शेजारी नवीन लोक राहायला आले, त्यांनी विष्ठेची तक्रार केली. गावाच्या आरोग्य मंडळानं कळवलं, की सुनावणीला हजर राहा, नाहीतर कबुतरं हलवा.

“मला कसली काळजी?” दादा छाती काढून म्हणाला. “घरची वकील आहे.”

“मामा, मी फक्त शेजारी बसेन हं.”

“बस ना. बसूनच बोल.”

सुनावणीला दादा मयतीला घालायचा तो सूट घालून आला. उभा राहिला, इंग्रजीत दोन वाक्यं बोलला, अडकला, आणि सरळ भाचीकडे बोट करून म्हणाला, “पुढचं माझी वकील सांगेल.”

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही वकील आहात?”

“नाही. विद्यार्थिनी आहे,” डेल्फिना म्हणाली आणि लालेलाल होऊन खाली बसली. दादाही बसला. दोघं गप्प. कबुतरं हलवावीत असं मंडळाचं मत पडलं, पक्का हुकूम पुढच्या बैठकीत.

गाडीत दादा एवढंच म्हणाला, “एवढी फी भरून गप्प बसायला शिकवतात होय गं?” पोरगी रडली. मला दोघांचाही राग आला होता, त्यामुळे मी कुणाचीच समजूत काढली नाही.

दोन दिवसांनी ती प्राध्यापकांना भेटून घरी आली ती कपाळावर हात मारूनच. “आई, ती जाहीर सुनावणी होती! तिथे कुणीही बोलू शकतं. शेजारी, नातेवाईक, कुणीही. वकील नाही म्हणजे मला तोंडच नाही, असं धरून बसले मी. सर म्हणाले, दर वर्षी पहिल्या सत्रात कुणीतरी हीच चूक करतं.”

“आणि तुझ्याशिवाय कोण करणार!” मी म्हटलं. पण बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू. त्यानंतर ती रोज मामाच्या खुराड्यापाशी बसून त्याला प्रश्न विचारत राहिली. पहिल्यांदा तो फुगलेला होता, मग बोलायला लागला, मग थांबेना.

पुढच्या बैठकीत अध्यक्षबाईंनी तोच प्रश्न केला. या वेळी डेल्फिना उभीच राहिली. “मी वकील नाही. मी यांची भाची आहे, त्याच गल्लीत वाढलेय. तुम्ही ‘हलवा’ म्हणता, पण ही कबुतरं हलवून जात नाहीत. दुसऱ्या गावी दिली तरी ज्या दिवशी पिंजरा उघडेल त्या दिवशी मामाच्या छपरावर हजर. मग राहतं काय? जन्मभर कोंडायचं, नाहीतर मारायचं. यातलं मंडळाला काय हवंय, तेवढं हुकुमात स्पष्ट लिहा.”

‘कोंडा’ किंवा ‘मारा’ असं लिहायची कुणाची तयारी नव्हती. मंडळानं बराच वेळ कुजबुज करून ठरवलं, की खुराडं स्वच्छ ठेवावं, आहेत ती कबुतरं मरेपर्यंत राहू द्यावीत. मात्र नवीन आणायची नाहीत, पिल्लंही काढायची नाहीत.

आमची मंडळी टाळ्या वाजवत बाहेर पडली. डेल्फिना पायऱ्यांवर मागे राहिली होती. “मामा, पिल्लं नाही मिळवता आली मला. यांच्यानंतर संपलंच सगळं.”

दादा हसला. “वेडे, मरेपर्यंत राहा, मागे कुणी नको, हाच हुकूम देवानं मला केव्हाच दिलाय. पण माझ्या बाजूनं बोलायला घरचं माणूस उभं राहिलंच की आज.”

तिनं त्याला तिथेच मिठी मारली. रडले मात्र मी.