सावळीच्या कानामागची गाठ

वाल्मिकने ससा आजवर फक्त ताटात पाहिला होता. त्यामुळे लेक भूमिका म्हसा गावच्या जत्रेतून लांब केसांचा पांढरा ससा पिशवीतून घेऊन आली, तेव्हा त्याने मसाला वाटायला घ्यायचा का, एवढंच विचारलं. भूमिका त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. ससा मादी निघाला. घरची म्हैस नुकतीच विकली होती आणि तिचं नाव मोकळं पडलं होतं, म्हणून या पांढऱ्याफटक प्राण्याचं नाव सावळी ठेवलं. शेणवे गावात कुणी हरकत घेतली नाही.

वैशाखात भूमिकेचं लग्न झालं. मुरबाडच्या सासूबाई सकुबाई यांनी सुनेला हौसेनं घरात घेतलं. सशाचे केस मात्र डाळीत पडतात, असं म्हणून सावळीला माहेरीच ठेवायला सांगितलं. घरात विधुर वाल्मिक आणि सावळी, अशी दोघं उरली. एकमेकांशी काय बोलावं हे दोघांनाही सुचत नव्हतं.

महिनाभरात सावळीच्या अंगावर जुन्या गादीतल्या कापसासारखे गोळे झाले. वाल्मिकने बूथवरून फोन केला आणि रविवारी किन्हवलीमार्गे येणाऱ्या एसटीने भूमिका आली. घरापुढच्या ओट्यावर बसून तिने सावळीला मांडीवर घेतलं. केस मुळाशी चिमटीत धरायचे म्हणजे कातडी ओढली जात नाही, मग टोकाकडून विंचरत वर यायचं, असं तिने बापाला शिकवलं. आंघोळ नको, खोबरेल तर मुळीच नको. सावळीला खोबरेल आधीच चोपडून बसलेल्या वाल्मिकने गंभीरपणे मान डोलावली.

पण खरी गोष्ट वेगळीच घडली. गाठ सोडवता सोडवता भूमिका बोलायला लागली. सासरी चहा फार गोड करतात. साईनाथ, म्हणजे नवरा, स्वभावाने चांगला आहे, पण झोपेत हिशेब करतो. आईची आठवण भाकरी फुगली की येते. बापलेक समोरासमोर बसून कधी बोललेच नव्हते; तशी रीत त्यांच्या घरात नव्हती. आता तिचे डोळे गाठीवर होते, त्याचे रस्त्यावर, आणि बोलणं आपोआप चाललं होतं. ती संध्याकाळच्या गाडीने गेली.

वाल्मिक विंचरायला मन लावून शिकला. पुढच्या खेपेला भूमिका आली तेव्हा सावळी नवऱ्या मुलीसारखी चकाचक होती. भूमिकेने कौतुक केलं, चहा घेतला, भिंतीवरची दिनदर्शिका दोनदा वाचली आणि दुपारच्याच गाडीने परतली. आपण केवढी चूक केली, हे वाल्मिकला गाडी वळल्यावर कळलं.

तेव्हापासून तो सावळीला रोज उन्हं उतरल्यावर विंचरी आणि दोन्ही कानांमागची एकेक गाठ मुद्दाम ठेवी. शेजारचा राघो कुंपणावरून विचारायचा, "वाल्मिकदादा, रस्सा कवा?" वाल्मिक म्हणायचा, "केस विंचरून होऊ दे." फोनवर मात्र तो लेकीला सांगायचा की सावळी मला हात लावू देत नाय. दर पंधरा दिवसांनी भूमिका यायची, दोन गाठी सोडवायची आणि पंधरा दिवसांचं बोलून जायची.

फाल्गुनात साईनाथ सोबत आला. बायकोची एवढी दगदग त्याला बघवत नव्हती. ओळखीच्या न्हाव्याकडून त्याने केस कापायचं मशीन मागून आणलं होतं. भूमिकेने सावळीला धरलं, साईनाथने मशीन फिरवलं, आणि चहा उकळेपर्यंत ओट्यावर केसांचा ढीग आणि ढिगाशेजारी उंदरापेक्षा थोडा मोठा जीव उरला.

"मामा, आता सहा महिने टेन्शन नाय," साईनाथ म्हणाला. माणूस मनाचा चांगला होता, त्याला काय बोलणार? भूमिकेने फणी पुसली, खिडकीत ठेवली आणि बापाकडे न बघता चप्पल घातली. दोघं दुपारच्या गाडीने गेली. राघोने कुंपणावरून पाहिलं आणि आता पातेल्यालासुद्धा पुरत नाय, म्हणून हळहळला.

मग भूमिकेला यायला कारण राहिलं नाही. नुसतं बापाला बघायला जाते म्हणावं, तर बाप ठणठणीत. वाल्मिकने एकदा आजारी पडायचा विचार केला, पण पेरणी तोंडावर होती. रोज संध्याकाळी तो सावळीला मांडीवर घेई, पाठीवर फुंकर मारी आणि केस किती वाढले ते बोटांनी बघे. लावणीच्या दिवसांत चिखलाचे हात धुऊन आधी तेच करी. सावळी भराभर खायची, केस मात्र सावकाश वाढवायची.

श्रावणात त्याच्या बोटाला काहीतरी लागलं. डाव्या कानामागं, मसुराच्या दाण्याएवढं. तो तसाच उठून बूथवर गेला.

"भूमे, गाठ झालीय."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "कुठं?"

"डाव्या कानामागं."

भूमिका घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लय घट्ट हाय का, बाबा? मंग सुटायला दोन दिस लागतील. शनिवारीच येते."

वाल्मिक घरी आला तेव्हा सावळी मागचा पाय उचलून नेमका डावा कान खाजवायच्या बेतात होती. त्याने तो पाय हळूच धरला.

"दम धर गो," तो म्हणाला. "शनिवारपातूर."