घरात कोण आहे?

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे जुने, पोचे आलेले, जाड बुडाचे पातेले असेल. तसलेच मी एक. माझा एक कान सैल झाला आहे. झाकण तर माझे नाहीच. मूळचे कुठेतरी हरवले, आता आहे ते दुसऱ्या भांड्याचे आहे आणि मला थोडे मोठेच पडते. पण बूड अजून शाबूत आहे, म्हणून मी कामाचे आहे.

मला कारखान्यात यंत्राने पत्र्यातून दाबून काढले. त्या वेळचे फारसे आठवत नाही. एक दणका बसला एवढे आठवते. दणक्याच्या आधी मी सपाट होते, नंतर पोकळ झाले. पोकळ झाल्यावर मला ऐकू येऊ लागले.

दुकानात मी दोरीला टांगलेले होते. तिथे एक रंगारी आणि त्याची बायको आली. तो घरांना रंग देत असे, त्याच्या नखांत नेहमी कसला ना कसला रंग असायचा. बायको घरी बसून कपडे शिवायची. तिने बोटातली अंगठी माझ्या काठावर वाजवली, टक्, आणि कान जवळ आणला.

"हे बोलतं," ती म्हणाली. "हेच घेऊ."

"अगं, त्याच्याशी बोलायचंय की त्यात शिजवायचंय?"

"तुम्ही कामावर गेलात की घरात बोलायला कोण असतं मला? भिंतीशी बोललं तर लोक वेडी म्हणतील. पातेल्याशी बोललं तर स्वयंपाक करतेय म्हणतील."

असे मी त्या घरात आले. माझ्यात भात शिजला, भाज्या शिजल्या, दूध तर कितीदा उतू गेले. पण माझे खरे काम होते शिंपल्यांचे. त्यांना कुणी तिसऱ्या म्हणतात. ती सकाळी बाजारातून शिंपल्या आणायची आणि माझ्यात मिठाचे पाणी करून त्यात सोडायची. वर झाकण ठेवायची, म्हणजे त्यांना अंधार वाटावा. अंधार झाला की त्या उघडायच्या. आधी केसाएवढी फट पडायची. मग आतून एक मऊ जीभ बाहेर यायची आणि माझ्या भिंतीला चाचपडून बघायची. थंड, हळू, आंधळा स्पर्श. पन्नास जिभा एकाच वेळी मला चाचपत आहेत, वाळू थुंकत आहेत, आणि वरून कुणाला काही कळत नाही. मला त्यांची भीतीच वाटायची; ते दिवस आठवले की अजून माझ्या अंगावर शहारा येतो. पत्र्यालाही शहारा येतो, मित्रांनो. पाण्यावर बारीक लाट उठते, तोच तो.

दुपारी ती झाकण काढायची. शेजारी स्टुलावर तिची मुलगी उभी असायची. तिचे तोंड कधी बंद नसे, म्हणून घरात तिला सगळे टकळी म्हणत. आई एकेक शिंपली उचलायची. जी उघडी असेल ती माझ्या काठावर धरायची, अंगठीने टक् करून तिच्यावर मारायची आणि विचारायची, "घरात कोण आहे?"

शिंपली जिवंत असली की हळूहळू मिटायची. मिटताना टकळी नाकातून बारीक आवाज काढायची, "मी आहे! पण मी आंघोळ करतेय!" दुसरीच्या वतीने म्हणायची, "आई बाहेर गेलीय, नंतर या!" आईला हसू आवरत नसे.

पण एखादी मिटायची नाही. पुन्हा टक्, पुन्हा टक्. तशीच उघडी. मग दोघी गप्प व्हायच्या.

"घरात कुणी नाही," आई म्हणायची आणि ती शिंपली कचऱ्यात टाकायची. "असलं एक जरी पातेल्यात गेलं ना बाळा, तर सगळ्यांना बाधतं."

उरलेल्या शिजायच्या. कधी नुसत्या लसणीवर, त्यांच्याच पाण्यात, झाकण घट्ट लावून. आतून वाफ चढली की एकेक दार उघडायचे, टक, टक, टक, जणू एखाद्या चाळीत सगळे एकदम बाहेर आले. कधी ती कांदा लाल परतून त्यात मिरी घालायची आणि सगळे सुके करायची. पावसाळी हवेत पातळ रस्सा व्हायचा. कधी शिंपल्यांतले मांस काढून भातात मिसळायचे. पाहुणे आले तर गच्चीवर निखाऱ्यांवर शिंपल्या तशाच भाजायच्या, उघडल्या की वर लिंबू पिळायचे. त्या दिवशी मला सुट्टी. खाण्याच्याही तऱ्हा होत्या. रंगारी शिंपलीच चमच्यासारखी धरून रश्शाचा असा भुरका मारायचा की शेजारीण भिंतीवर थाप मारायची. टकळी रिकाम्या शिंपलीचा चिमटा करायची आणि त्याने पुढच्या शिंपलीतले मांस ओढून काढायची. आई सगळ्यांत शेवटी बसायची आणि माझ्या बुडाशी उरलेले पाणी पावाला लावून खायची. "सगळा जीव इथे खाली उतरतो," ती म्हणायची. तेव्हा मला फार बरे वाटायचे.

मग एकदा तिला ताप आला. रंगाऱ्याने तिला दवाखान्यात नेले. परत तो एकटाच आला.

मला कुणीतरी घासले, पुसले आणि वरच्या फळीवर पालथे घातले. माझा काठ फळीला टेकला. आत काळोख. खाली घर होते, पण घरात आवाज नव्हता. टकळी बोलायची थांबली. शेजारीण डबा देऊन जायची. रंगारी ताट वाढायचा आणि काही वेळाने ते तसेच उचलायचा.

त्याच दिवसांत ते सुरू झाले. भर दुपारी, घर रिकामे असताना, माझ्या काठावर आवाज व्हायचा. टक्.

भांडी तापतात, निवतात, आपोआप वाजतात, हे मला माहीत आहे. पण तो आवाज पोटातून येतो. हा काठावर होता. आणि माझा काठ तर फळीला टेकलेला होता. मला उचलल्याशिवाय तिथे कुणाचे बोट पोहोचणे शक्य नव्हते.

एकदा टकळी खाली बसलेली असताना तो झाला. तिने मान वर केली.

"भांडी वाजतात गं उन्हाने," रंगारी म्हणाला.

त्या दिवशी ढग होते.

टकळी सुकत चालली. डॉक्टरीणबाईंनी तिचे मनगट धरून पाहिले आणि सांगितले की असेच चालले तर तिला दवाखान्यात ठेवावे लागेल. दवाखाना तोच होता. रंगारी घरी येऊन जमिनीवर बसला. "टकळे, तू सांगशील ते आणतो," तो म्हणाला. "काय खाशील? काहीही सांग."

ती म्हणाली, "शिंपल्या."

तो उठून पळतच बाजारात गेला. शिंपल्या विकणाऱ्या म्हाताऱ्या मावशींनी त्याला काहीतरी ओरडून सांगितले, पण त्याने नुसती मान हलवली. संध्याकाळी त्याने मला फळीवरून काढले. आणि मग त्याने एक चूक केली. त्या माणसाने आयुष्यात शिंपल्या फक्त खाल्ल्या होत्या, कधी भिजवल्या नव्हत्या. त्याला वाटले, या आपल्या पोरीच्या पोटात जाणार, त्यांचे लाड करू. त्याने माझ्यात प्यायचे पाणी भरले, स्वच्छ, गार, गोडे. त्यात शिंपल्या सोडल्या आणि झाकण ठेवले.

त्यांनी दारे घट्ट लावून घेतली. एवढी घट्ट मी कधी पाहिली नव्हती. एकही जीभ बाहेर आली नाही. खाऱ्या पाण्यातल्या जिवाला गोडे पाणी मारते, हे मला कळत होते, पण मला तोंड असूनही बोलता येत नाही. मी वाट पाहत राहिले. सकाळपर्यंत दारे सैल झाली. एकेक करून उघडली आणि तशीच राहिली. कुणी मला चाचपले नाही.

दुपारी रंगाऱ्याने झाकण काढले आणि त्याचा चेहरा फुलला.

"बघ टकळे, सगळ्या उघडल्या! आपोआप! आता काय, विस्तव लावायचा की झालं."

टकळी स्टुलावर चढली. तिने आत पाहिले. त्याने मला शेगडीवर ठेवले आणि काडेपेटी शोधू लागला. टकळीचे दोन्ही हात तिच्या पाठीमागे होते.

टक्.

माझ्या काठावर. मित्रांनो, मी खोटे सांगत नाही. पाण्यावर काठापासून मध्यापर्यंत एक वर्तुळ गेले. रंगाऱ्याची काडी हातातच राहिली.

टक्. थोडे पुढे. मग थांबून, आणखी पुढे. कुणीतरी माझ्या काठाकाठाने जात होते, सावकाश, एकाही शिंपलीला न वगळता. मी ती अंगठी ओळखते. पण हात नव्हता. ऊब नव्हती. प्रत्येक टक् नंतर ती थोडी थांबायची, उत्तराची वाट पाहिल्यासारखी. एकही शिंपली मिटली नाही. पूर्ण फेरी झाली आणि आवाज थांबला.

"बाबा," टकळी म्हणाली. "आई विचारतेय."

"काय... काय विचारतेय?"

"घरात कोण आहे."

रंगाऱ्याने माझ्यात पाहिले. आता त्यालाही वास आला असावा.

"कुणीच नाही," टकळी म्हणाली. "टाकून दे."

"सगळ्या? अगं, तू किती दिवसांनी काही मागितलंस. चांगल्या उकळू, मग काय होतंय?"

"एक जरी गेली तरी बाधतं. आई म्हणते."

"आई म्हणायची," तो हळूच म्हणाला.

"म्हणते."

तो खूप वेळ माझे कान धरून उभा राहिला. एवढे घट्ट की सैल कान कुरकुरला. मग त्याने मला उचलले आणि सगळे ओतून दिले. नळ सोडून मला धूत राहिला, मी स्वच्छ झाल्यावरही.

पुढच्या सकाळी तो टकळीला घेऊनच बाजारात गेला. तिथे काय झाले ते त्याने घरी आल्यावर शेजारणीला सांगितले, म्हणून मला कळले. मावशींनी सगळे ऐकून कपाळाला हात लावला होता. "गोड्या पाण्यात? अरे देवा! साखर पण घातलीस का रे? घसा फोडून सांगत होते, मीठ घाल, मीठ घाल. तुझं लक्ष कुठे होतं?" मग त्यांनी टकळीकडे पाहिले, आवाज खाली आणला आणि दोन मुठी जास्त घातल्या. "ने. आणि हे बघ पोरी, याला एकट्याला स्वयंपाकघरात सोडू नकोस. हा चहातही रंग कालवील."

त्या दिवशी पाण्यात मीठ पडले. झाकणाखाली अंधार झाला आणि जिभा बाहेर आल्या. पहिल्यांदाच मला त्यांची भीती वाटली नाही.

दुपारी टकळीने बोटाच्या पेराने पहिल्या शिंपलीवर मारले. आवाज अंगठीसारखा आला नाही. "घरात कोण आहे?"

शिंपली मिटू लागली. रंगारी घसा खाकरून जाड आवाजात म्हणाला, "काही विकायला आला असाल तर नको आहे!"

टकळीने त्याच्याकडे पाहिले. "असं नसतं बोलायचं. त्या चांगल्या घरातल्या असतात."

लसूण करपली. मिरी जास्त झाली. रश्शाला चव कमी आणि ठसका जास्त होता. टकळी एक खाऊन थांबली. मग तिने दुसरी उचलली, मग तिसरी. खाता खाता ती सांगू लागली की लसूण कधी काढायची, कांदा किती लाल करायचा, बाबांना काही म्हणजे काहीच कसे येत नाही. ती बोलतच राहिली. रंगारी जेवायचे विसरला.

शेवटी माझ्या बुडाशी एक शिंपली उरली. बंद. एवढ्या वाफेतही ती उघडली नव्हती. रंगाऱ्याने चाकू घेतला.

"थांब, ही पण काढून देतो तुला."

"नको बाबा. शिजल्यावर उलटं असतं. उघडली नाही तर उघडायची नाही."

"अगं, आत असेल की काहीतरी."

"असेल," टकळी म्हणाली. "पण तिला नाही यायचं."

त्याने ती शिंपली तळहातावर धरली. ती अजून गरम होती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने चाकू खाली ठेवला.

त्यानंतर माझ्या काठावर कधी तसा आवाज झाला नाही. टकळी आता मोठी झाली आहे आणि मी तिच्या शेगडीवर असते. दुपारी घर रिकामे असले की मी अजून कान देते. काही ऐकू येत नाही. मला बरे वाटते की वाईट, ते मला सांगता येत नाही.

मित्रांनो, घरातले माणूस गेले की त्याची भांडी पालथी घालून वर ठेवू नका. खाली काढा, घासा, विस्तवावर चढवा. चुकत चुकत शिजवा. जे उघडत नाही ते चाकू न लावता बाजूला ठेवा. ताटात बाकीच्या शिंपल्या पुष्कळ असतात, आणि त्या गरम असतानाच खायच्या असतात.