अकरा नंबरचे आकडे

दुसऱ्यांच्या घरात जमीन असते, सोनं असतं, निदान एखादा मामा तरी मोठ्या हुद्द्यावर असतो. आमच्या घरात एक तारा होता. खराखुरा, आकाशातला, छापील यादीत नोंदलेला, आणि तो माझ्या आत्यानं शोधला होता.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वेधशाळेत ती एकतीस वर्षं मोजणीचं काम करत होती. पूर्वी दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काचेवर घ्यायचे. त्या काचेवर सगळं उलटं उमटतं, आभाळ पांढरं आणि तारे काळे, मिऱ्यांची पूड सांडल्यासारखे. दहा-बारा बायका ओळीनं बसून भिंगातून एकेका ठिपक्याची जागा मोजायच्या, काचेच्या मागच्या बाजूला शाईनं बारीक गोल करून नंबर घालायच्या आणि आकडा वहीत उतरवायच्या. वहीवर नाव लिहायची पद्धत नव्हती. प्रत्येकीला क्रमांक होता, आणि आत्या अकरा नंबर होती.

लहानपणी दिवे गेले की बाबा मला गच्चीवर न्यायचे आणि बोट दाखवायचे. "ते दोन दिसतात ना, त्यांच्या मधोमध. फार बारीक आहे, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण आहे." मी दिसल्यासारखी मान डोलवायची. पुढे परीक्षेत आपटले, नवरा सोडून गेला, होती ती नोकरी गेली, आणि दर वेळी मी मनाशी म्हणायची, असू दे, आपला एक तारा आहे वर. हसा खुशाल. मलाही हसू यायचं, पण पाठ टेकायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी वेधशाळेनं जुन्या काचा संगणकात घ्यायचं काढलं. शाईचे गोल मध्ये येतात, म्हणून आधी काचेचा आहे तसा एक फोटो घ्यायचा, मग शाई पुसायची आणि मग स्कॅन करायचं. पुसायचं काम मला मिळालं. आत्याच्या वशिल्यानं नाही, तिथं आता तिला ओळखणारं कुणी उरलंच नव्हतं. आत्यानं जन्मभर लिहिलं ते भाचीनं फडक्यानं पुसायचं, असला विनोद आमच्याच नशिबी यायचा.

काम तळघरात होतं. खालून दिवा लागलेलं टेबल, स्पिरिटची बाटली, मऊ फडकी आणि हट्टी शाईसाठी ब्लेड. पहिल्या आठवड्यात मजा वाटली. मग ते पांढरं आभाळ माझ्या मागं लागलं. घरी भिंतीकडे बघितलं तरी ठिपके, ताटाकडे बघितलं तरी ठिपके. एका काचेवर चाळीस हजार तारे, अशा काचा कपाटं भरभरून, आणि साहेब म्हणाले होते की हा आकाशाचा जेमतेम एक कोपरा आहे. हात धुताना नळाखाली निळं पाणी वाहायचं आणि वाटायचं, कुणाची तरी वर्षं चाललीत ही मोरीत. आपल्यालाही कुणी असंच पुसलं तर काचेला काही कळणार नाही. मला भीती वाटायची, सरळ सांगते. दिवसाढवळ्या, लख्ख उजेडात.

त्यात आत्याचं अक्षर. तिचा नऊ आणि माझा नऊ अगदी सारखा, पोट फुगलेला. तिचा नऊ पुसताना आपलाच हात आपल्याला पुसतोय असं वाटून मी दोनदा फडकं खाली ठेवलं होतं.

आत्या माझ्याचकडे असायची. चौऱ्याऐंशी वर्षांची, अंथरुणाला खिळलेली, पण जीभ शाबूत. दुपारी डोळा लागला की ती झोपेत आकडे पुटपुटायची. मी सुट्टीच्या दिवशी शेजारी बसून ऐकत राहायची आणि अंगावर काटा यायचा, कारण तो आवाज तरुण मुलीचा असायचा. कामावरून आले की तिचा एकच प्रश्न असायचा.

"आली का गं ती काच?"

"नाही आली, आत्या. आली की सांगते."

ती कुठली काच ते विचारायची गरज नव्हती. मला वाटायचं, जायच्या आधी तिला आपला तारा एकदा ऐकायचाय. मी तयारीसुद्धा करून ठेवली होती, कसं सांगायचं, काय काय सांगायचं.

काच आली एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास. मी दार लावून घेतलं. गोल सापडला, नंबर सापडला, मधला ठिपका सापडला. भिंग लावलं आणि मान थोडी हलवली. बाकीचे ठिपके जागच्या जागी राहिले. आमचा ठिपका सरकला.

तारे काचेच्या पुढच्या थरात उमटतात. हा मागच्या बाजूला होता, जिथं शाई असते तिथं. मी स्पिरिट लावलं आणि फडकं फिरवलं. एकाच फटक्यात गेला. खाली कोरं पांढरं आभाळ होतं, आणि माझ्या फडक्यावर एक निळा डाग.

स्कॅन झाल्यावर संगणक छापील याद्यांशी ताडून बघतो. पडद्यावर लाल चौकट आली, 'तारा सापडला नाही, कारण निवडा'. खाली चार कारणं होती: धूळ, तुटकी काच, मोजणीतली चूक, खोटी नोंद. मी उठून साहेबांना गाठलं. साहेब माझ्याहून वीस वर्षांनी लहान, सदा घाईत, स्वभावानं चांगले.

"खोटी नोंद निवडली तर काय होतं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"त्या मोजणाऱ्याचं सगळं बाजूला पडतं. पहिल्या वहीपासून शेवटच्या वहीपर्यंत. एक खोटं निघालं की बाकीच्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

"मग बाकीचं तपासत नाहीत?"

"तपासणार कोण, ताई? दोन-दोन लाख आकडे असतात एकेकीचे. एक कळ दाबायची, विषय संपला." ते हसले. "का, सापडलं का काही?"

"छे," मी म्हटलं, आणि लाल चौकट तशीच ठेवून घरी आले.

बसमध्ये मी ठरवलं होतं की काही बोलायचं नाही. पण दारातून आत पाऊल टाकलं आणि आत्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. माझं तोंड म्हणजे उघडं कपाट.

"आली," ती म्हणाली.

"आली."

"पुसलीस?"

"आत्या, ती शाई होती."

मला वाटलं ती हादरेल, रडेल, निदान नाकारेल. तिनं डोळे मिटले आणि इतका लांब श्वास सोडला की मी घाबरून तिचा हात धरला.

"कळलं एकदाचं कुणाला तरी," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. नोकरीच्या नवव्या वर्षी तिला शंका आली की आपल्या वह्या कुणी उघडतच नाही. म्हणून तिनं एक ठिपका स्वतः दिला, गोल केला, आकडा लिहिला आणि बोलावणं येईल म्हणून वाट बघत बसली. महिना गेला. वर्ष गेलं. मग यादी छापून आली, खाली मोठ्या साहेबांची सही, आणि यादीत तो तारा. घरी बाबांनी यादी बघितली आणि साऱ्या गल्लीत सांगत सुटले.

"तुझ्या बापाला इतका आनंद झाला होता. कोणत्या तोंडानं सांगायचं?"

"मग पुढची बावीस वर्षं? ती तरी खरी होती ना?" माझा आवाज चढला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. माझ्या पाठीमागची भिंतच काढून घेतली होती तिनं.

"सगळी खरी. डोळ्यांत तेल घालून मोजलंय."

"का पण? कुणी बघत नव्हतं म्हणतेस ना?"

"अगं, तारे तर होते ना तिथं," ती चिडून म्हणाली, जणू मी मूर्खासारखं विचारलं होतं. मग कोपरावर उठायचा प्रयत्न केला. "हे बघ, ठमे. उद्या जाऊन लिही. खोटी नोंद. मुद्दाम केलेली. मग त्यांना माझे सगळे आकडे तपासावे लागतील. एकूण एक. लागतील ना?"

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आजवर तिच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी मुलींच्या चेहऱ्यावर असतं, तसं काहीतरी.

"हो, आत्या," मी म्हटलं. "एकूण एक."

दुसऱ्या दिवशी मी 'धूळ' निवडलं. लाल चौकट नाहीशी झाली, आत्याचे दोन लाख आकडे शाबूत राहिले, आणि तारा यादीतून गेला. तळघरात कुणाची मान वर झाली नाही. मला वाटलं, सुटलो आपण.

पण घरी आता नवाच प्रश्न सुरू झाला. "कुठवर आले गं?"

"पाचशे झाले आज."

"आणि?"

"सगळे बरोबर."

दुसऱ्या दिवशी हजार, सगळे बरोबर. तिसऱ्या दिवशी दीड हजार. मी अगदी खुशीत थापा मारत होते. म्हाताऱ्या माणसाला याहून काय हवं? आठव्या दिवशी मी चार हजारांचा आकडा सांगितला आणि तिनं मान भिंतीकडे वळवली.

"चार हजारांत एकही चूक नाही?"

"एकही नाही."

"मग कुणी बघतच नाहीये," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याचा एक घोट घेतला तेवढाच. रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नव्हती, नुसती निघायच्या तयारीला लागली होती, सामान बांधलेल्या माणसासारखी. दुपारी झोपेत आकडे पुटपुटणंही थांबलं. त्या शांत खोलीत बसून मला तळघरातल्यापेक्षाही जास्त भीती वाटली.

मग मी वह्यांच्या खोलीची किल्ली मागून घेतली. अकरा नंबरची पहिली वही काढली, जेवणाच्या सुट्टीत संगणकापुढे बसले आणि एकेक ओळ ताडायला लागले. वहीतला आकडा, पडद्यावरचा आकडा, बरोबर. वहीतला, पडद्यावरचा, बरोबर. एका सुट्टीत साठ ओळी व्हायच्या. दोन लाखांना किती सुट्ट्या लागतील याचा हिशोब मी केला नाही. घरी जाऊन खरं ते सांगायची. "आज साठ, आत्या. मीच बघतेय. बाकी कुणी नाही." तिनं मान वळवली नाही, पण तिसऱ्या दिवशी पेजेचे चार चमचे घेतले.

अकराव्या दिवशी सापडलं.

मी ते पान मोबाइलवर टिपून घेतलं आणि संध्याकाळी चप्पल न काढताच तिच्या पलंगाशी गेले. "आत्या, चूक आहे. ओळीनं तीन ताऱ्यांना एकच आकडा लिहिलायस. चारशे सतरा, चारशे सतरा, चारशे सतरा. पहिला बरोबर आहे. पुढचे दोन साफ चूक."

भिंतीकडचं तोंड हळूहळू इकडे वळलं.

"असं कसं होईल?" ती म्हणाली. आवाजात जुना ताठा होता. "तारीख काय आहे?"

मी तारीख वाचली. आत्या आढ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलत होते.

"आदल्या दिवशी आई गेली," ती म्हणाली. "नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. रजा मागायची भीती वाटली. सकाळी उठले आणि कामावर गेले. सगळ्यांनी नावं ठेवली. तुझा बाप तर वर्षभर बोलला नाही माझ्याशी. म्हणाला, तू दगड आहेस, तुझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही."

"आत्या..."

"खरंच नव्हतं आलं. म्हणजे मला आठवत नाही आलेलं. मीही मग तेच धरून चालले, आपण तसल्याच." तिनं हात पुढं केला. "दाखव."

मी मोबाइल तिच्या डोळ्यांसमोर धरला, पान मोठं केलं. तिनं चष्मा मागितला नाही. बोटानं ती त्या ओळींवरून गेली, एकदा, दोनदा. चारशे सतरा, चारशे सतरा.

"दोन तारे दिसलेच नाहीत मला," ती म्हणाली. "काच समोर असून." मग माझं मनगट घट्ट धरलं, तिच्यात इतका जोर उरलाय हे मला माहीत नव्हतं. "ठमे, बघ ना. रडत होते गं मी."